पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलेल्या पोरांसाठी विश्रामबागचं फॉर्मचं दुकान, सविस्तर रिव्ह्यू

पहिल्या वर्षातच कॉलेज सोडून दुसरीकडं परत ॲडमिशन घ्यायचं असेल तर सांगली-मिरजेत नेमकं कुणाकडं जायचं हे कुणी नीट सांगत नाही. करिअर काउन्सेलरचे बोर्ड ढीगभर आहेत पण त्यांचं सगळं लक्ष नव्या ॲडमिशनवर, जुन्या कॉलेजातून बाहेर कसं पडायचं, कुठला कागद आधी घ्यायचा, पैसे किती परत येणार आणि किती विसरायचे हे विचारलं की म्हणतात ते तुमचं तुम्ही कॉलेजशी बोलून घ्या. आणि खरी अडचण तर तिथंच असते. माझ्या धाकट्या भावाचं हे सगळं आम्ही विश्रामबागच्या एका छोट्या दुकानातून केलं. ज्या घरात सध्या असं काही चालू असेल त्यांनी एकदा तरी तिथं जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं म्हणून वेळ काढून लिहितेय, मोठं झालंय, पण ज्यांना गरज आहे ते वाचतील.

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण ताईंनीच सांगितलंय की नेटवर नाव नको, जून-जुलैत आत्ताच जिन्यावर रांग लागते आणि काम करणारी माणसं आम्ही दोनच. विश्रामबाग चौकातून रेल्वे स्टेशनकडं वळलं की डाव्या हाताला एक झेरॉक्सवाला आहे, त्याच्या बाजूच्या जिन्यानं पहिला मजला, तिथं आसपास कुणालाही फॉर्मवाल्या ताई कुठं बसतात विचारलं तर सांगतात. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर कॅप राउंडचं (सरकारच्या केंद्रीय ॲडमिशन प्रक्रियेच्या फेऱ्यांचं) वेळापत्रक चिकटवलेलं, ही प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलनं तारीख पुढं ढकलली की ताई लाल पेननं जुनी तारीख खोडून शेजारी नवी लिहितात. ताई पोरांशी बोलतात, कागद बघतात, त्यांचे मिस्टर टायपिंग आणि स्कॅनिंग. बस एवढंच दुकान आहे.

भाऊ २०२४ ला बारावी झाला, कॅपमधून पुण्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. त्याला पहिल्यापासून इलेक्ट्रिकल पाहिजे होतं, घरातली बंद पडलेली पाण्याची मोटार उघडून बसणारा पोरगा तो, पण त्या वर्षी नातेवाइकांपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांचं एकच, कॉम्प्युटर मिळतंय तर सोडायचं नाही. दिवाळीला घरी आला आणि सुट्टी संपली तरी बॅग भरेना. खाणं कमी झालेलं, रात्र रात्र जागा. शेवटी मला म्हणाला तायडे मला तिथं परत नाही जायचं, मी पुन्हा सीईटी देतो. पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, ते ऐकून नुसतेच गप्प झाले आणि आईनं रडून घेतलं. ह्या भागाबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना सगळं माहितीये.

दुकानात गेल्यावर मी सांगायला सुरुवात केली की ह्यानं पुण्याचं कॉलेज सोडलंय आणि आता पुढच्या वर्षी, तेवढ्यात ताईंनी माझ्याकडं नाही तर त्याच्याकडं बघून विचारलं, "सोडलंयस का सोडायचंय?"

तो म्हणाला सोडलंय, दिवाळीपासून गेलोच नाही.

"लेखी दिलंय काही?"

"नाही."

"मग सोडलेलं नाहीस बाळा. तू अजून तिथंच आहेस, फक्त गैरहजर आहेस."

त्यांनी का सोडलं, पुढं काय करणार, एक वर्ष वाया जाईल ह्यातलं काहीही विचारलं नाही आणि भाऊ पहिल्यांदा खुर्चीत जरा सरळ बसला हे मी बघितलंय. गेले काही दिवस जो भेटेल तो त्याला कारणच विचारत होता. इथं पहिल्यांदा कुणीतरी त्याला काम सांगत होतं.

गैरहजर आणि सोडलेला ह्यात फरक काय हे त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकानं ऐकायला पाहिजे. तुम्ही नुसते जायचे बंद झालात तर कॉलेजच्या कागदावर तुमचं नाव चालूच राहतं, हॉस्टेलचं बिल चढत राहतं, पुढच्या सेमिस्टरची फी लागते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजच्या ॲडमिशनला उभं राहिलात की तिथं शेवटच्या कॉलेजचा एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) मागतात तेव्हा जुनं कॉलेज म्हणतं आधी बाकी भरा. बारावीच्या ज्युनिअर कॉलेजचा एलसी तर ॲडमिशनच्या वेळीच जमा झालेला असतो त्यामुळं तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. तो त्यांनी स्वतः टाईप करून दिला नाही, भावाला कोरा कागद दिला आणि स्वतःच्या अक्षरात लिहायला लावला, विषय, पीआरएन नंबर (विद्यापीठाचा नोंदणी नंबर), ब्रांच, कुठल्या तारखेपासून प्रवेश रद्द करायचाय, कुठले ओरिजिनल कागद परत पाहिजेत त्यांची एकेक करून नावं, डिपॉझिट कुठल्या खात्यात जमा करायचं. आणि खाली वडलांची सही. मग दोन प्रती काढून सांगितलं, एक ऑफिसला द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, ती पोच म्हणजे तुझं कॉलेज सोडल्याचं सर्टिफिकेट समज. त्याच दिवशी तोच अर्ज फोटो काढून कॉलेजच्या ईमेलवर पण टाकायचा. शिवाय कॅपच्या जुन्या लॉगिनमधनं ऑनलाइन कॅन्सलेशन होतंय का ते त्यांनी समोरच उघडून बघितलं, मुदत संपलेली होती.

पप्पांना दुकान आवडलं ते ह्या पोचेमुळं. आयुष्यभर आवक-जावक लिहिणारा माणूस तो. घरी आल्यावर आईला म्हणाले त्या बाईंना काम कळतंय.

आता पैशाचं. इथं ताईंनी जे सांगितलं ते ऐकायला कडू होतं पण सरळ होतं. कॅपमधून घेतलेली इंजिनिअरिंगची ॲडमिशन जर कटऑफ डेटच्या आत रद्द केली तर हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते, कटऑफ डेट उलटली की फक्त डिपॉझिट. आमची तारीख कधीच उलटून गेली होती. फी येणार नाही दादा, ती डोक्यातून काढून टाका, डिपॉझिटच्या मागं लागा, असं त्या पप्पांना स्पष्ट म्हणाल्या. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला आमची ओळख आहे अर्धी फी काढून देतो म्हणून पाच हजार मागितले होते, त्या मानानं हे खरं बोलणं लाख मोलाचं. बीए बीएस्सी बीकॉमसारख्या ॲडमिशनला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नोटिफिकेशनचा तक्ता आहे तो त्यांनी प्रिंट काढून ठेवलाय, जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर १०० टक्के, तारखेला पंधरा दिवसांपेक्षा कमी राहिले असताना ९०, तारीख उलटून पंधरा दिवस होईपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५० आणि त्याच्यापुढं शून्य. म्हणजे पोरगं कॉलेजला जायचं नाही म्हणायला लागलं की घरात भांडत बसलेला प्रत्येक आठवडा पैशात मोजला जातो. भांडण नंतरही करता येतं, अर्जाची तारीख मात्र गेली की गेली. ज्यांच्या पोरांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कुरबुर सुरू केलीये त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

पुण्याच्या त्या कॉलेजनं अर्ज घेतला, पोच पण दिली, पण एलसीसाठी क्लार्क म्हणाले चारही वर्षांची फी भरा मग बघू. भाऊ तिथूनच फोनवर रडवेला झालेला. ताईंना फोन लावला तर उचलला नाही (ह्याच्याबद्दल खाली लिहिलंय), म्हणून मी संध्याकाळी दुकानात गेले. त्यांनी त्याच यूजीसी नोटिफिकेशनमधल्या दोन गोष्टींवर पेन्सिलनं रेघ मारून दिली, एक म्हणजे संस्थेनं विद्यार्थ्याची ओरिजिनल सर्टिफिकेट स्वतःच्या ताब्यात ठेवायची नाहीत, तपासून लगेच परत द्यायची, आणि दुसरी म्हणजे एका वेळी एका सेमिस्टरची किंवा एका वर्षाची फी घेता येते, पुढच्या वर्षांची आगाऊ घेता येत नाही. भांडू नका म्हणल्या, क्लार्कच्या हातात काही नसतं, प्रिन्सिपॉलच्या नावानं नम्र मेल लिहा, अर्जाचा आवक नंबर टाका, हे दोन मुद्दे टाका, आणि शेवटी लिहा की उत्तर आलं नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवावी लागेल. मेल त्यांनी लिहून दिला नाही, मी लिहिला आणि त्यांनी वाचून त्यातली दोन रागाची वाक्यं काढायला लावली. पोर्टलवर जायची वेळच आली नाही, एलसी मिळाला, मार्कशीट मिळाली, डिपॉझिट जरा उशिरा पण खात्यात आलं.

दुकानात बसल्या बसल्या दुसऱ्यांचं पण कानावर पडतं. तासगावकडचा एक मुलगा आला होता, बीएस्सी पहिल्या वर्षाला, त्याला ते सोडून दुसऱ्या कॉलेजला बीसीए करायचं होतं, आणि सेमिस्टरची परीक्षा अगदी तोंडावर. तो म्हणत होता आता कशाला देऊ. ताई म्हणल्या देऊन टाक. आता एनईपी (नवं शैक्षणिक धोरण) आलंय, पास झालास तर त्या सेमिस्टरचे क्रेडिट तुझ्या एबीसी खात्यात (क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन बँकेत) जमा होतात आणि सात वर्षं राहतात, नवं कॉलेज त्यातले किती धरेल ते त्यांचं ते ठरवतील पण खात्यात असलेलं बरं का नसलेलं? मला हे फार पटलं कारण माझ्या भावाला त्यांनी ह्याच्या बरोबर उलट सांगितलं होतं, तू परीक्षेचा फॉर्मच भरला नाहीस, तब्येत अशी, आता परीक्षेच्या नादाला लागू नको, झोप आणि सीईटीचा अभ्यास. एकच सल्ला सगळ्यांना छापून देत नाहीत. आणि एका मुलीला तर त्यांनी कॉलेज सोडूच नको सांगितलं, तिला फक्त ब्रांच आवडत नव्हती आणि मार्क चांगले होते, तिला म्हणल्या पहिलं वर्ष पूर्ण पास हो, सेकंड इयरला जागा रिकाम्या असल्या तर बदलायचा प्रयत्न करता येतो, आधी तुझ्याच कॉलेजात जाऊन विचार. तिच्याकडून एक रुपया घेतला नाही, कारण फॉर्मच भरला नव्हता.

सीईटीबद्दल थोडक्यात. गेल्या वर्षीचा पर्सेंटाइल पुढच्या वर्षीच्या कॅपला चालत नाही, परत परीक्षा द्यावीच लागते, बारावी मात्र परत द्यायची गरज नाही. पीसीएमला १५० प्रश्न, २०० मार्क, फिजिक्स केमिस्ट्रीचे एकेक मार्काचे पन्नास पन्नास आणि मॅथ्सचे पन्नास दोन दोन मार्काचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावीचा भाग साधारण वीस टक्के आणि बारावीचा ऐंशी. भावानं घराजवळच्या अभ्यासिकेत बसून केलं, क्लास लावला नाही. २०२५ ची पीसीएमची परीक्षा १९ ते २७ एप्रिल दरम्यान होती. ह्यात दुकानाचा संबंध फक्त फॉर्म भरण्यापुरता, तो त्यांनी वेळेत भरला आणि फोटो स्पष्ट नाही म्हणून परत काढून आणायला लावला.

दुकानाची खरी किंमत कळते ती कॅपच्या वेळी, जून ते ऑगस्ट, जेव्हा सगळी सांगली एकीकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघत असते आणि दुसरीकडं अलॉटमेंटची लिस्ट. भावाची फाईल घेऊन ताईंनी टेबलावर सगळे कागद पसरले, दहावीची मार्कशीट, बारावीची, एलसी, डोमिसाइल, आधार, आणि प्रत्येकावर स्टीलची पट्टी ठेवून नाव वाचायला लागल्या, एकेक अक्षर. बारावीच्या मार्कशीटवर आईच्या नावात एक ए जास्त आणि आधारवर कमी. म्हणल्या ह्यानं अडत नाही पण पुढं पासपोर्ट काढताना अडेल, वेळ मिळेल तेव्हा दुरुस्त करून घ्या. मग ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला हातात घेतला आणि तारीख बघून बाजूला ठेवला, हा गेल्या वर्षीचा, चालणार नाही, नवीन काढा. जे एकदा ॲडमिशन घेऊन परत येतात त्यांचं हमखास इथं अडतं, कारण फाईल तयार आहे असं वाटत असतं. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या वर्षाचा लागतो आणि नॉन क्रीमीलेअर २०२५-२६ च्या ॲडमिशनसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं. तहसीलला जूनमध्ये किती गर्दी असते ते सांगायला नको, त्यामुळं मे महिन्यातच जाऊन या.

गॅपचं (मधे शिक्षण थांबलेल्या काळाचं) प्रतिज्ञापत्र हा आणखी एक नाजूक विषय. बाहेर बरेच जण सांगत होते की वर्षभर घरीच होतो, सीईटीची तयारी करत होतो एवढंच लिहा, कॉलेजचा उल्लेख कशाला. ताई ह्या बाबतीत एकदम कडक. हातात पुण्याच्या कॉलेजचा एलसी आणि प्रतिज्ञापत्रात वर्षभर घरी, हे दोन कागद एका फाईलमध्ये कसे चालतील? शपथेवर खोटं लिहायचंच नाही. त्यांनी सरळ लिहायला लावलं, अमुक कॉलेजात प्रवेश घेतला होता, अमुक तारखेला रद्द केला, त्यानंतर कुठंही प्रवेश नव्हता. कॉलेज सोडणं हा काही गुन्हा नाही, लपवण्यासारखं काय आहे त्यात, हे त्यांचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं आणि भावाला तर वाटलंच असणार. स्टँपचं पण गोंधळाचं होतं, ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप झाला, मग मार्च २०२५ मध्ये सरकारनं जात, उत्पन्न, नॉन क्रीमीलेअर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना तो माफ केला, आणि गॅपसाठी कुठं काय मागतात ते वेगवेगळं. ताई म्हणल्या आधी कॅपचे कागद तपासणाऱ्या सुविधा केंद्रावर विचारा, मगच विजयनगरला कोर्टाकडं जा, उगाच पाचशे घालवू नका. पुणे विद्यापीठातून शिवाजी विद्यापीठाकडं यायचं म्हणून मायग्रेशनसाठी पण त्यांनी आधीच अर्ज करायला लावला होता. आणि हो, वर्षभर पुण्यात असला तरी बारावी सांगलीत झालीये म्हणून होम युनिव्हर्सिटी (ॲडमिशनला आपलं स्थानिक धरलं जाणारं विद्यापीठ) शिवाजीच राहते, ह्याची आम्हाला उगाच धास्ती होती.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल त्या विद्यार्थ्याचाच टाकतात, दुकानाचा कधीच नाही, आणि पासवर्ड टाईप करायची वेळ आली की मिस्टर खुर्चीवरून उठतात आणि पोराला बसवतात. ही गोष्ट छोटी वाटेल पण आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा फॉर्म दुसऱ्या एका ठिकाणी दुकानदाराच्याच नंबरवर भरलेला, ओटीपी त्याच्याकडं, कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तो फोन उचलेना. अख्खं घर हवालदिल झालेलं. त्यामुळं तुम्ही कुठंही जा, इथं नाहीतर दुसरीकडं, नंबर स्वतःचाच टाकायचा.

प्रेफरन्स लिस्टला त्यांनी जो वेळ दिला त्याला तोड नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, बरीच दुकानं शे-दीडशेची तयार यादी चिकटवून देतात. ताईंनी भावाला मागच्या वर्षीच्या कटऑफचे कागद आणि पेन्सिल दिली आणि कोपऱ्यात बसवलं, यादी तू लावायची, मी फक्त बघणार. २०२५ ला चार राउंड होते आणि नियम बदललेला, पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीझ, पुढं बदलता येत नाही, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनमधलं काहीही लागलं तर फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहातलं, आणि चौथ्याला जे लागेल ते. म्हणजे वरच्या सहा ओळी म्हणजे खरी यादी. भावानं सवयीनं तिसऱ्या नंबरला पुण्याचं एक मोठं नाव लिहिलं होतं, कॉम्प्युटरच. ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, दुसऱ्या राउंडला हे लागलं तर घेणारेस? तो बराच वेळ गप्प. मग त्यानं स्वतःच खोडरबर मागितला. त्या काही बोलल्या नाहीत, मी पण नाही. २०२४ ला ही यादी आम्ही सगळ्यांनी मिळून लावली होती, २०२५ ला पहिल्यांदा त्याची त्यानं लावली.

दुसऱ्या राउंडला त्याला कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजला इलेक्ट्रिकल लागलं, वरच्या तीनमधलं, त्यामुळं फ्रीझ. सीट ॲक्सेप्टन्सचे हजार रुपये त्याच दिवशी भरले, कागद घेऊन कराडला जाऊन ॲडमिशन कन्फर्म. शनिवारी-रविवारी घरी येतो, जेवतो, बोलतो, गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा मिक्सर दुरुस्त करून दिला. आमच्या घरासाठी हे किती मोठं आहे ते शब्दात नाही सांगता येत.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू म्हणलं की ह्या पण आल्या. फोन उचलत नाहीत, जून-जुलैत तर अजिबातच नाही, आणि बाहेरगावच्या माणसांचे ह्यात फार हाल होतात, जतहून आलेले एक काका दुपारी दोनला पोचले तर दुकान जेवायला बंद, चारला उघडतं, पायरीवर बसून राहिले बिचारे. टोकन नाही, वही नाही, कोण आधी आलं ह्यावरून जिन्यावर भांडणं होतात, एक साधी नंबरची चिठ्ठी दिली तरी भागेल, मी हे त्यांना तोंडावर पण सांगितलंय. प्रिंटर एकच, तो अडकला की सगळं थांबतं. पावती मागितली तरच देतात. वयस्कर माणसांना जिना चढणं अवघड, उभा आहे आणि पावसात घसरडा. आणि ताईंचं बोलणं काहींना लागतं, विशेषतः आईवडलांना, पोराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईनं दिलं तर सरळ म्हणतात काकी त्याला बोलू द्या. आमची आई त्या दिवशी नाराज झाली होती. माझं मत विचाराल तर हे बोलणं गरजेचं आहे, पण म्हणायची पद्धत जरा मऊ असायला हरकत नाही.

महाडीबीटीचं (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं) एक राहिलं. जुन्या कॉलेजात असताना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता, तो तसाच पडून होता, आणि नवीन कॉलेजमधून अर्ज करायला गेल्यावर प्रोफाइलला जुनंच कॉलेज दिसत होतं. ह्याची आठवण ताईंनी प्रवेश रद्द करतानाच करून द्यायला पाहिजे होती असं मला वाटतं, कारण मग त्याच पुण्याच्या फेरीत काम झालं असतं. नंतर जुन्या कॉलेजला मेल करून अर्ज रद्द करून घ्यावा लागला, त्यात वेळ गेला. ज्यांचं कॉलेज सोडायचं चाललंय त्यांनी अर्जातच एक ओळ टाकून ठेवा की शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज पण रद्द करावा. मुली असतील तर आणखी नीट बघा, ८ जुलै २०२४ च्या जीआरनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. घाईघाईत कॉलेज बदलताना मॅनेजमेंटची सीट घेऊन ही सवलत घालवलेल्या मुली ताईंनी बघितल्यात.

खर्च सांगते. प्रवेश रद्द करायचा अर्ज, मेल आणि सल्ला ह्याचे आमच्याकडून १५० घेतले. कॅपचा फॉर्म ३००, ऑप्शन फॉर्म २००, स्कॅनिंग पानाला १०. सरकारी फी वेगळी, ती तुमच्याच खात्यातून तुमच्यासमोर भरतात. खरं सांगायचं तर ह्यातलं सगळं घरी बसून मोबाईलवर फुकट होतं आणि कागद तपासायला सुविधा केंद्रं आहेतच, तिथं ई-स्क्रूटिनी (कागदांची ऑनलाइन तपासणी) निवडली तर जायची पण गरज नसते, तेव्हा ज्यांचं साधं सरळ बारावीनंतरचं ॲडमिशन आहे त्यांनी हे पैसे घालवायची काही आवश्यकता नाही. ज्यांचं मधेच तुटलंय, जुनं कॉलेज सुटत नाही आणि नवीन दिसत नाही, त्यांनी मात्र जरूर जावं. पाचपैकी साडेचार, अर्धा फोन न उचलण्याचा.

सकाळी साडेदहाला उघडतं, दोन ते चार बंद, संध्याकाळी आठपर्यंत, रविवारी सुट्टी पण अलॉटमेंटच्या दिवसांत रविवारी पण चालू असतं. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, तेव्हा त्यांच्याकडं बसून बोलायला वेळ असतो. जाताना सगळी ओरिजिनल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, जुन्या कॉलेजच्या फीच्या सगळ्या पावत्या हॉस्टेलच्या धरून, आणि ओटीपी येणारा मोबाईल चार्ज करून घेऊन जा. पोराला सोबत न्या, त्याच्याशिवाय त्या फाईल उघडतच नाहीत.